मान हलली की होकार

दारावरचा दिवा लागला नाही म्हणून बुरुलला वाटत राहिलं की सासूबाई आज काही येत नाहीत. बस चुकली असेल, घाटात बर्फ पडला असेल, नाहीतर म्हातारीचे गुडघे धरले असतील. काहीही होवो, पण आजचा दिवस टळो.

खरं म्हणजे सासूबाई केव्हाच्या आल्या होत्या आणि बाहेर उभ्या राहून दार ठोकत होत्या. ऐकणाऱ्यांची जातच अशी. दाराशेजारी चांगलं बोटाएवढं बटण आहे, ते दाबलं की आत दिवा पेटतो. बहिऱ्यांच्या मंडळाने बांधलेल्या या अख्ख्या इमारतीत प्रत्येक दाराला तसं बटण आहे. पण नाही. दार दिसलं की ठोकायचं, आणि उघडलं नाही की आणखी जोरात ठोकायचं. शेवटी खालच्या मजल्यावरची वेरा, तीही बहिरीच, भाजी घेऊन जिना चढत होती. तिने म्हातारीचं मनगट धरलं आणि बोट नेऊन बटणावर टेकवलं.

दिवा लागला. बुरुल उठली.

दार उघडलं तर आपा उभ्या. डोक्याला पांढरा रुमाल, अंगावर प्रवासाची धूळ, हातात सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी. सासूला तिकडे आपा म्हणतात. नाव घ्यायची तर सोयच नाही. दुसऱ्या काखेत घडी घातलेलं एक मोठं फुलाफुलांचं कापड होतं आणि त्या घडीतून एका नव्याकोऱ्या कापूस भरलेल्या कोटाची छोटीशी बाही बाहेर आली होती. बुरुलने ती बाही पाहिली आणि ती दारातून बाजूला झाली.

पहिला नातू आजीचा. किर्गीझ मुलुखातल्या नारीनच्या डोंगरात याला कुणी रीतसुद्धा म्हणत नाही, इतकं ते अंगवळणी पडलंय. पोराचं दूध सुटलं की आजी येते, पोर घेऊन जाते, आणि पोर तिलाच आई म्हणत वाढतं. जन्म देणारी मग सणावारी दिसणारी एक बाई होते. आपांचा नवरा जाऊन फार काळ झाला नव्हता, घरात चूल, मेंढ्या आणि वारा. यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता आणि म्हणूनच बुरुलला जास्त भीती वाटायची. दुष्ट माणसाशी निदान भांडता तरी येतं.

शिवाय शब्द दिला गेला होता. गेल्या उन्हाळ्यात, गावातल्या सगळ्या पांढऱ्या दाढ्यांसमोर.

बुरुलने चहा टाकला, बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या तुकड्यांची, थाळी मांडली, आणि पाठ वळवावी लागू नये म्हणून सगळं तिरकं उभं राहून केलं. आपांनी नातवाला, मेदेरला, उचललं, त्याच्या टाळूचा वास घेतला, गालाला गाल लावला. पोराने जरा वेळ सहन केलं, मग सुटका करून घेऊन तो जमिनीवर आपल्या खेळाकडे गेला. बुरुलचा नवरा तुर्दुबेक ज्या कारखान्यात होता तिथे विजेची बटणं बनत. त्यातली मोडकी खोकी पोराला खेळायला मिळत. त्यांचा मनोरा रचायला तो बसला. तोंड भिंतीकडे, पाठ आजीकडे.

आपांचे ओठ हलले. मेदेर. एवढं बुरुलला वाचता आलं. पोर खोकी रचत राहिलं. आपांचे ओठ पुन्हा हलले आणि या वेळी मानेची शीरही फुगली. पोर ढिम्म. आपांनी टाळी वाजवली. मग चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्यांनी पळी उचलली आणि पातेल्याच्या झाकणावर हाणली. बुरुलला ते टेबलातून कोपरापर्यंत जाणवलं.

पोराने एक खोकं दुसऱ्यावर ठेवलं.

का वळला नाही हे बुरुलला पक्कं ठाऊक होतं. या घरात कुणी कुणाला पाठीमागून हाक मारतच नाही. बोलवायचं तर खांद्यावर टकटक करायची, पाय आपटायचा, दिवा चालू-बंद करायचा. आणि आवाजाचं म्हणाल तर या इमारतीत रात्रंदिवस भांडी आदळतात, दारं आपटतात, कुणी कुणाला हळू म्हणत नाही. गिरणीवाल्याच्या पोराला जशी गिरणीची घरघर, तसं मेदेरला ते. तोंडातून निघणारा आवाज आपल्याला उद्देशून असतो हे अजून त्याच्या डोक्यात शिरलेलंच नव्हतं. पण कान त्याचे उत्तम होते. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, आणि न सांगताही कळत होतंच. अंगणातला कुत्रा भुंकला की पोर खिडकीकडे धावायचं आणि आईने कुत्रा पाहायच्या आधीच हाताने ‘कुत्रा’ म्हणायचं.

आपांनी हे कधी विचारलं नव्हतं. विचारलं तर दृष्ट लागेल या धाकाने असेल. आता त्या वळल्या. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांनी बोट कानाशी नेलं, पोराकडे केलं, आणि हात नकारार्थी हलवला. नाही?

बुरुलला सगळं एका क्षणात दिसलं. ऐकणारा नातू असेल तर आजी घेऊन जाईल. बहिरा नातू कुणाला हवाय! गावाने एक बहिरा पाहिला होता, तिचा नवराच; त्याचा सात वर्षांचा झाल्यावर शहरात बंदोबस्त केला होता. एकदा मान हलवायची, बस्स.

बुरुलने मान हलवली.

आपा खाली बसल्या. रुमालाचं टोक तोंडात धरून त्या रडायला लागल्या, आणि बुरुलला स्वतःची इतकी लाज वाटली की चहा ओतताना अर्धा बशीत गेला. पण लाजेला वेळ नव्हता. आता खरी भीती सुरू झाली होती.

कारण पोराला आवाजापासून राखायचं होतं, आणि आवाज कुठून येतो हे राखणारीलाच माहीत नव्हतं. पाणी उकळताना आवाज करतं म्हणे, म्हणून तिने किटली वाफ धरायच्या आत उतरवली. नळ? नळ करतो का? भिंतीवरचं घड्याळ? वेराच्या ऐकणाऱ्या जावयाने एकदा कान दाबून त्याची नक्कल केली होती, म्हणजे करत असणार. तिने ते उचलून उशीखाली घातलं. खिडकी लावली. मग सुचलं की खिडकी लावतानाही आवाज झाला असेल. तिला आता एकच उपाय उरला: आपांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचं. आपांची नजर कुठे उडाली की समजायचं, आवाज झाला. लगेच पोराकडे धाव घ्यायची. आपा छताकडे बघायच्या, बुरुल पोराच्या तोंडात बोरसोक कोंबायची. आपा दाराकडे बघायच्या, बुरुल पोराला कडेवर घ्यायची. थोड्याच वेळात पोर वैतागलं, आणि आपांना वाटलं असेल की सून दुःखाने वेडीपिशी झालीय.

मग खिडकीतून तिला अंगणातला कुत्रा दिसला. मान वर, जबडा उघडमीट. तिने गर्रकन वळून पाहिलं तोवर मेदेर उठलाही होता, डोळे चमकत होते, हात ‘कुत्रा’ म्हणायला वर आला होता. बुरुलने झडप घालून तो हात मुठीत दाबला. पोर दुखून कळवळलं. आपांनी ते पाहिलं. बुरुल उगाच हसली आणि भूक लागलीय त्याला, असा हात पोटावरून फिरवला. तिचं काळीज बरगड्यांवर धडका मारत होतं. ते तरी बाहेर ऐकू जातं की काय, हेही तिला माहीत नव्हतं.

दिवा लागला. तुर्दुबेक जेवायला आला होता. आईला पाहून हा भला माणूस हरखला, कोटासकट तिला मिठी मारली, आणि आपांनी त्याच्या छातीवर डोकं टेकून रडत रडत पोराकडे, कानाकडे हात केला. तुर्दुबेकचा चेहरा कोरा झाला. तो बायकोकडे वळला आणि हातांनी बोलू लागला.

“कोण बहिरा? मेदेर? काय सांगितलंस तू आपाला?”

“हात खाली घे. केवढ्याने बोलतोस! आणि हसत बोल, त्या बघताहेत.”

“बघू दे की. तिला आपली भाषा कुठे कळते?”

“चेहरा कळतो ना! हस म्हणते मी.”

तुर्दुबेक हसला. दाढदुखीवाला हसेल तसं. “पोराचे कान माझ्या आईपेक्षा तिखट आहेत, आणि तू...”

“मी काही नाही सांगितलं. त्यांनी विचारलं, मी मान हलवली.”

“पुन्हा मान! उन्हाळ्यात मान हलवलीस, पोर देऊन बसलीस. आता मान हलवलीस, पोर बहिरं केलंस. तुझी मान कुणीतरी बांधून ठेवायला हवी.”

“आणि तुझी? तू काय तिथे पहाड होऊन बसला होतास? माझ्याआधी तुझी हलली होती!”

हे खरं होतं. उन्हाळ्यात गावच्या जेवणावळीत लांबच लांब दस्तरखान, जेवणाचं कापड, पसरलेलं, दोन्ही बाजूंना माणसं, आणि प्रत्येक तोंडावर दाढी. शाळेत ओठ वाचायला शिकवलं ते रशियन; गाव बोलणार किर्गीझ, तेही मटण चावत. एक म्हातारा या दोघांकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलला आणि थांबला. थांबला की मान हलवायची, हे बहिऱ्याला लहानपणापासून माहीत असतं. नाही हलवली तर ते पुन्हा सांगतात, अधिक मोठ्याने, मग शेजारी सांगतो, मग सगळी पंगत वळून बघते आणि कुणाच्या तरी कपाळाला आठी पडते. म्हणून हलवायची. त्या हलवण्याचा अर्थ हो असा नसतोच. ‘चालू द्या तुमचं’ एवढाच असतो. पण म्हाताऱ्याने दुआसाठी तळवे उचलले, सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, यांनीही फिरवले. आपण पोर दिलं हे त्यांना परतीच्या बसमध्ये कळलं, भावकीतल्या एका पोरीने रशियनमध्ये सावकाश सांगितलं तेव्हा.

“आता काय करायचं?” तुर्दुबेकने विचारलं. हसू अजून तोंडावर तसंच चिकटलेलं.

“संध्याकाळची बस जाईपर्यंत गप्प बसायचं. पाया पडते तुझ्या.”

तो आईकडे बघत राहिला. मग त्याने दोन्ही हात खिशात घातले. बहिरा माणूस यापेक्षा जास्त गप्प बसू शकत नाही.

आणि तेवढ्यात आपांनी डोळे पुसले, उठल्या, आणि फुलाफुलांचं कापड जमिनीवर पसरलं. दोरीवरचे मेदेरचे मोजे काढून त्यांनी त्यावर ठेवले. मग सदरा. मग लोकरी टोपी.

बुरुलला वाटलं आपल्या डोळ्यांत काही बिघाड झालाय. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. “काय करताहेत? विचार! का बांधताहेत?”

आई आणि मुलगा यांची दोघांपुरती एक खुणांची भाषा होती, त्याच्या लहानपणी मेंढ्यांमागे फिरताना घडलेली, थोडकी, वाकडीतिकडी. त्याने विचारलं. आपा मोठ्या मोठ्या हातांनी सांगू लागल्या, आणि तुर्दुबेक एकेक गोष्ट बायकोला देत गेला. हात जड झाले होते त्याचे.

“म्हणते, मोठं फाटक. निवासी शाळेचं. मी एवढासा. ती मला ठेवून गेली... म्हणते, उन्हाळ्यात मी घरी आलो की पाहुण्यासारखा बसायचो. दुसऱ्यांशी भराभर बोलायचो, हातांनी, तिच्याशी नाही... म्हणते, एकदा केलं ते पुन्हा नाही करणार. ऐकणारा असता तर कदाचित आणखी एखादं वर्ष तुझ्यापाशी ठेवलाही असता. पण हा बहिरा आहे. याला शाळा नाही, फाटक नाही. हा माझ्या मांडीवरच वाढणार. आजच नेते.”

 बुरुलने स्वतःच्याच हाताने पोर बांधून दिलं होतं!

आणि त्याहून भयंकर ते हळूहळू ध्यानात आलं. तिकडे वर डोंगरात सगळ्यांना वाटणार की पोर बहिरं. मग त्याच्याशी बोलणार कोण? बहिऱ्या पोराशी गावात कुणी बोलत नाही. भाकरी दाखवतात, पाणी दाखवतात, बाजूला सरकवतात. ती स्वतः माहेरच्या गावात अशीच वाढली होती. शाळेच्या त्या फाटकाच्या आत गेल्यावरच तिला पहिल्यांदा कळलं होतं की आपल्याला नाव आहे आणि ‘उद्या’ नावाची काही गोष्ट असते. आपांना ते फाटक नरकाचं वाटत होतं, तिला आईच्या दारासारखं होतं. मेदेरला तर हात बोलणारं माणूसही मिळणार नाही आणि तोंड बोलणारंही नाही. कान असून पोर मुकं होईल, आणि ते आपल्या खोट्यामुळे.

“सांग त्यांना,” ती म्हणाली. “ऐकतो म्हणून सांग.”

“अगं, पण मग...”

“सांग! मग ज्याचं त्याचं नशीब. आणि उन्हाळ्याचंही सांग. मला काही कळलं नव्हतं. मी नुसती मान हलवली होती.”

तुर्दुबेकने खिशातून हात काढले. पहिलं सोपं होतं: पोर, कान, चांगला, बायको, घाबरली.  आपांनी बुरुलकडे असं पाहिलं की तिला थोबाडीत बसल्यासारखंच झालं. दुसरं मात्र अवघड होतं. न कळता मान हलवणं, यासाठी त्या दोघांच्या भाषेत खूणच नव्हती. म्हणून त्याने सोंग काढलं. दाढी कुरवाळली, म्हातारा झाला. मग इकडे वळून स्वतः झाला; गोड हसला, मान डोलावली, डोलावली. मग कपाळावर बोट आपटून मूठ उघडून दाखवली. आत काही नाही.

आपांनी ते पाहिलं.  मग त्यांचे हात उठले, हवेत फाटक झालं, फाटकापाशी छोटं पोर झालं. त्यांनी मुलाकडे बोट केलं, आणि स्वतःची मान वरखाली हलवली. त्या दिवशी. मी विचारलं, राहशील ना? तू अशी मान हलवलीस. आणि भुवया वर करून त्या थांबल्या.

तुर्दुबेकने बायकोकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. मग कपाळावर बोट आपटलं आणि मूठ उघडली.

आपांनी ती रिकामी मूठ पाहिली. एवढी वर्षं ही बाई त्या एका होकाराच्या भरवशावर झोपत आली होती.

मग गुडघे धरत त्या मेदेरपाशी गेल्या. पाठीमागून नाही, वळसा घालून समोर गेल्या, उकिडव्या बसल्या, त्याच्या खांद्याला बोट लावलं. नवा कोट त्याच्यापुढे धरला. ओठ हलले, हातही हलला: तू, मी, जाऊ?

पोराने आजीच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग गोड हसलं आणि मान हलवली.

 बुरुलला धावत जाऊन पोर ओढून घ्यायचं होतं आणि पाय जागचे उचलत नव्हते. हो म्हणाला. आजीने विचारलं आणि स्वतः हो म्हणाला. आता कोणत्या तोंडाने अडवणार?

आपा त्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मुलाने मघाशी सोंगात काढलं होतं तेच हे हसू. रुमालाचं टोक तोंडावर धरून त्या बुरुलकडे वळल्या आणि काहीतरी बोलल्या, बरंच, भराभर, रडत. मग थांबल्या. उत्तराची वाट बघत थांबल्या.

बुरुलला एक अक्षर कळलं नव्हतं. तुर्दुबेक पाठ फिरवून डोळे पुसत होता, त्याने पाहिलंच नव्हतं. ‘नेते’ म्हणाल्या की ‘ठेवते’? शिव्या दिल्या? सगळं आयुष्य त्या शब्दांत होतं, आणि तिची मान आपली सवयीने खाली जायला निघालीही होती.

तिने ती धरून ठेवली. असं तिने ऐकणाऱ्यांपुढे कधी केलं नव्हतं. आपा चिडतील, आलेली दया परत घेतील, पोराला कोट चढवून चालायला लागतील.  तरी तिने दोन्ही हात उघडे केले, आणि ज्या आवाजावर बाजारात लोक वळून वळून हसतात तो आवाजही बाहेर काढला.

“आपा, नाही कळलं मला. परत सांगा.”

आपांनी तोंडावरचा रुमाल काढला. जवळ आल्या, उजेडात, बुरुलच्या अगदी समोर. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी मेदेरकडे बोट केलं आणि आपला खरबरीत तळवा बुरुलच्या छातीवर दाबून ठेवला. मग सुनेला कळलं की नाही याची खात्री वाटेना, म्हणून त्यांनी तेच पुन्हा एकदा केलं.